व्हीलचेअर वाटपाची पूर्वतयारी

३ डिसेंबर जवळ आला की आपल्यातला दानशूर जागा होतो. त्याला थोपटून पुन्हा झोपवू नका. जागतिक दिव्यांग दिनी काहीतरी वाटलंच पाहिजे, आणि वाटायला व्हीलचेअरइतकी देखणी वस्तू दुसरी नाही. श्रवणयंत्र फोटोत दिसतसुद्धा नाही.

आधी सभागृह ठरवा. पहिल्या मजल्यावरचं घ्या, तिथलं स्टेज मोठं असतं. लिफ्ट नसली तरी बिघडत नाही. लाभार्थ्यांना चार कार्यकर्ते उचलून आणतील, त्याचाही व्हिडिओ निघेल. कार्यक्रम दहाचा सांगा, पाहुणे साडेबाराला येतील. मधल्या वेळात कुणाला लघवीला जायचं असेल, तर स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नाही हे त्याचं त्याला कळू द्या. अनुभवी मंडळी अशा दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. (हे मी गमतीनं लिहिलेलं नाही; तुम्ही गमतीनं घ्या.)

खुर्च्या घाऊक आणा, सगळ्या एकाच मापाच्या. बसणाऱ्याची कंबर, मांडी, पाठ मोजून खुर्ची निवडायची असते, असं फिजिओथेरपिस्ट म्हणतात. म्हणून त्यांना बोलवायचं नाही. आठ वर्षांची पोर मोठ्या माणसाच्या खुर्चीत रोज एका बाजूला कलून बसली तर तिचा कणा वाकू शकतो. पण तो वाकेपर्यंत आपली बातमी छापून झालेली असते. देणगीदाराचं नाव मात्र खुर्चीच्या पाठीवर ठळक रंगवा. पोर शाळेत जाईल तिथं नाव जाईल. शाळेला पायऱ्या असतील तर नाव घरीच राहील, त्याला आपण काय करणार?

रॅम्प मागणारा एखादा भेटेलच. बांधून द्या. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. एवढी जागा पार्किंगमधून कोण सोडणार? तीन फुटांत उरका. उतरणारा थेट रस्त्यावर पोचतो आणि पायथ्याशी स्कूटर लावायची सोय होते.

अंधांसाठी फुटपाथवर पिवळ्या फरशा. त्यांत उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, गोल उंचवटे म्हणजे थांबा. कंत्राटदाराला हे सांगत बसू नका, रंग पिवळा असला की बिल निघतं. पट्टी विजेच्या डीपीत घुसली तर घुसू द्या. तिथं कुणी अंध माणूस थबकलेला दिसला की त्याचा दंड धरून त्याला रस्ता ओलांडून द्या. त्याला पलीकडे जायचं होतं का, हे विचारलं तर पुण्य घटतं.

कधी एखादा लाभार्थी शाल घेताना माइक मागतो. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत, ती २०२२मध्येच संपली, असं काहीबाही बोलू लागतो. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४मध्ये हे निकष ऐच्छिक नव्हे, सक्तीचे हवेत असं बजावलं, हेही त्याला पाठ असतं. माणूस कृतघ्न आहे असं समजा आणि साउंडवाल्याला खूण करा. घाबरायचं कारण नाही. कायदा मोडल्याचा दंड पहिल्या खेपेला फार तर दहा हजार रुपये. तुमच्या शाली-श्रीफळांचा खर्च त्याहून जास्त आहे. दुसऱ्या खेपेपासून तो पन्नास हजार ते पाच लाख होतो खरा, पण त्यासाठी आधी पहिला दंड व्हावा लागतो. तोवर फ्लेक्सवाल्याला ॲडव्हान्स देऊन टाका.