बेलापूर किल्ल्याच्या भुयाराबद्दल खुलासा

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'बेलापूरचा किल्ला चिमाजी अप्पांनी बांधला. आतून थेट घारापुरीच्या लेण्यांपर्यंत भुयार आहे. रविवारी मुलांना घेऊन शोधायला चला.'

किल्ला चिमाजी अप्पांनी बांधलेला नाही. तो जंजिऱ्याच्या सिद्दींनी सोळाव्या शतकात उभारला. पुढे पोर्तुगिजांकडे गेला, त्यांच्याकडून १७३०च्या दशकात मराठ्यांनी घेतला आणि १८१७मध्ये इंग्रजांनी. अप्पांचं नाव येतं ते तो जिंकण्याच्या संदर्भात. किल्ला जिंकला तर जवळच्या देवळात बेलाची माळ वाहीन, या अप्पांच्या नवसाची गोष्टही तिथलीच. आख्यायिका म्हणून ती जरूर सांगा, छानच आहे.

भुयाराचं मात्र जमत नाही. घारापुरी हे बेट आहे, इथून सरळ रेषेत साधारण १० किलोमीटर, आणि मध्ये खाडी. पाण्याखालून बोगदा खणायचा तर झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं, माती ढासळू न देणारी चौकट लागते. लंडनमध्ये थेम्स नदीखालचा बोगदा १८२५ला सुरू झाला आणि १८४३मध्ये खुला झाला. तोही जेमतेम ४०० मीटरचा, आणि पाणी घुसून त्यात माणसं दगावली. शिवाय घारापुरीची लेणी या किल्ल्याच्या हजारेक वर्षं आधीची. गडांना चोरवाटा असत हे खरं, पण तटाबाहेर निसटण्यापुरत्या.

पडक्या भिंतींच्या फटींत मुलांना भुयार शोधायला नेऊ नका. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.