'दर्जा द्या, निर्यात आपोआप होईल' : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 2005 मध्ये कोटा (कुठल्या देशाने किती कपडे पाठवायचे याची मर्यादा) संपला, बाजार सगळ्यांना खुला झाला, तमिळनाडूतलं तिरुपूर आणि बांगलादेश पुढे गेले, नागपूरचे लहान कपडेवाले दर्जा सुधारायचं सोडून रडगाणं गातात.

कोटा गेला, हे खरं. जकात कुठे गेली? बांगलादेशाला अल्पविकसित देश म्हणून युरोपात 2001 पासून जकात माफ. आपल्या शर्टावर वर्षानुवर्षं नऊ-दहा टक्के लागत आली. लहान युनिटच्या हातात सगळं जाऊन तेवढं उरलं तरी दिवाळी. (आणि सवलत मिळून तिथल्या कारागिराचं भलं झालं म्हणावं, तर 2013 मध्ये ढाक्याजवळ कोसळलेली राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत आठवते. आदल्या दिवशी तडे दिसले होते, तरी लोकांना कामावर बोलावलं. 1,100 हून जास्त माणसं गेली.)

तिरुपूरला विणाई, रंगाई, छपाई सगळं हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे कापूस यवतमाळ-वर्ध्याचा, पण टी-शर्टचं कापड तिरुपूरहून मागवायचं, इथे शिवायचं आणि न्हावाशेव्याच्या बंदरात धाडायचं. भाडं दोनदा.

राहिला दर्जा. नागपुरात पाचपावलीतल्या एका युनिटमध्ये चेकिंगच्या ताई प्रत्येक पीस उलटा करून धागे कापतात, कॉलर टेपने मापतात. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला की पीस बाजूला. माल नापास होत नाही हो, पैसा अडकतो. कापडाला रोख, कारागिरांना दर शनिवारी रोख, आणि आपलं बिल निघणार 90 दिवसांनी. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे, पण परदेशी ग्राहकाला तो लागू नाही. आपला माल बाहेर पाठवणारा मधला निर्यातदार म्हणतो, 'बाहेरून आले की देतो.' तक्रार केली तर पुढची ऑर्डर विसरा. थोडक्यात, वीस मशिनवाला माणूस परदेशी ब्रँडला बिनव्याजी उधार देतोय.

त्यात ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरची वाढीव जकात 50 टक्क्यांवर नेली. कटिंग झालेल्या मालावर खरेदीदार सूट मागू लागले. मोठा निर्यातदार एखादी तिमाही सोसतो. लहान माणसाने तो माल इथल्या गांधीबागेच्या कापडबाजारात काढायचा म्हटलं, तर आधी ब्रँडची लेबलं उसवा. वर मापं अमेरिकन, घेणार कोण?

तुम्ही सुचवता तसं बँकेचं कर्ज घेता येतं. पण व्याज पहिल्या महिन्यापासून लागतं, बिलाचे पैसे चौथ्या महिन्यात येतात. यात दर्जा नेमका कुठे सुधारायचा, तेवढं सांगा.