‘२०० मेगापिक्सेलचा मोबाइल असताना कॅमेरा कशाला?’ या मेसेजला उत्तर

लग्नसराई जवळ आली की विदर्भातल्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: ‘मोबाइल आता २०० मेगापिक्सेलचा झाला. १०० पट झूम आहे, रात्रीचा दिवस करतो. कॅमेरा उन्हाधुळीत टिकत नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६०-७० हजार घालणं म्हणजे पैसे पाण्यात.’ खाली पुरावा म्हणून मोबाइलचा आणि कॅमेऱ्याचा फोटो शेजारी शेजारी.

आधी पुराव्याचं बघू. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप लहान करतं, बारकावा पुसतं. इतक्या लहान फोटोंत फरक दिसणारच नाही. तुलना करायची तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि कॉम्प्युटरवर १०० टक्के आकारात उघडा.

‘२०० मेगापिक्सेल’

या मोबाइलचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) नेहमीच्या मोडमध्ये १६ पिक्सेल मिळून एक करतो, म्हणजे हाती येतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. पूर्ण २०० चा मोड भर उन्हात, स्थिर वस्तूला ठीक. मांडवाच्या उजेडात ०.६ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा एकेक पिक्सेल काय गोळा करणार? कॅनन आर५० सारख्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तोच पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा असतो.

आता अल्बमचा हिशेब. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचा उघडलेला १२×३६ इंची पसारा म्हणजे १२×१८ ची दोन पानं. एका पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४००×३६०० पिक्सेल लागतात. कॅमेरा ६०००×४००० देतो, म्हणजे थोडं कापूनही पान भरतं. मोबाइलचा ४०८०×३०६० चा फोटो पानाच्या मापात बसवला की २२६ डीपीआय उरतात. तेवढ्यावर पान छापता येतं, उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. पण गर्दीतून एकट्या नवरीचा चेहरा कापून पानभर करायला गेलात की गाल मेणासारखे दिसतात.

‘१०० पट झूम’

मोबाइलची खरी दुर्बीण लेन्स सहसा तीन ते पाच पटीची. पुढचं सगळं त्यातलाच तुकडा कापून फुगवलेलं. वर सॉफ्टवेअर अंदाजाने रेषा ओढतं, म्हणून पाटीवरची अक्षरं कधी कधी भलतीच होतात.

ताडोबाच्या कोअरमध्ये (गाभा क्षेत्रात) तर पर्यटकांना मोबाइल वापरायला बंदीच आहे, तिथे हा वादच मिटतो. मात्र कॅमेरा घेतला म्हणजे वाघ हातात आला असंही नाही. आर५० सोबत जोडीला मिळणारी ५५-२१० मिलिमीटरची लेन्स लांबच्या टोकाला एफ/७.१ ची (एफचा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा प्रकाश कमी). पहाटे बांबूच्या सावलीत तिच्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदना, वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० च्या वर न्यावा लागतो. १००-४०० लेन्स आर५० च्या लहान सेन्सरमुळे फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या ६४० मिलिमीटरइतकी जवळ आणते. वजन ६३५ ग्रॅम. जिप्सीच्या दांड्यावर तांदळाची छोटी थैली ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. अर्धे हललेले फोटो इंजिनच्या थरथरीने हललेले असतात.

‘रात्रीचा दिवस’

हा दावा अर्धा खरा आहे, आणि दुकानदार नेमका तोच अर्धा सांगत नाहीत.

चांगल्या मोबाइलच्या मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे ७२ चौरस मिलिमीटर, आर५० चं ३३२. म्हणजे साडेचार पट. पण मोबाइलची लेन्स एफ/१.८ ची आणि आर५० सोबतची १८-४५ किट लेन्स एफ/४.५ ते ६.३ ची. दोन्हींचा हिशेब जुळवला तर मोबाइलचं एफ/१.८ हे या कॅमेऱ्याच्या एफ/३.९ इतकं भरतं. किट लेन्स ४५ वर नेली की एकूण प्रकाश मोबाइलपेक्षा अडीच पट कमी! त्यात मोबाइल अनेक फ्रेम एकावर एक चढवतो. म्हणून किट लेन्स लावून रात्रीचा मांडव टिपणाऱ्याला पोरं हसतात, ते उगाच नाही.

उपाय म्हणजे ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स. झाडीपट्टीतलं (पूर्व विदर्भातलं) नाटक घ्या. वडसा-ब्रह्मपुरीकडे दिवाळीनंतर रात्र रात्र प्रयोग चालतात. पात्र हलतं, तेव्हा शटर निदान १/१२५ सेकंद हवं, नाचाला १/२५०. किट लेन्सला जिथे आयएसओ १२८०० लागतो, तिथे एफ/१.८ वर साधारण १००० पुरतो. मोबाइलचा नाइट मोड इथे फसतो, कारण फ्रेम चढवेपर्यंत पात्राचा हात दुसरीकडे गेलेला असतो. आर५० वर ही लेन्स ८० मिलिमीटरसारखी वागते. रंगमंचाला उत्तम, पण हळदीच्या छोट्या खोलीत मागे सरकायला जागा नाही. लग्नाला सिग्माची १८-५० एफ/२.८ जास्त कामाची.

दिव्यांचंही बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. व्हिडिओ ‘पाल’ (PAL) सेटिंगवर, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा. नाहीतर पडद्यावर पट्टे सरकतात. फोटोला कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळणारं) सेटिंग चालू आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद. जनरेटरवर फ्रिक्वेन्सीच हलते, तेव्हा हेही पुरत नाही. डेकोरेशनवाल्याला नवरा-नवरीवर एक हॅलोजन मागा. फ्लॅशवर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवा: आर५० ला जुना फ्लॅश थेट बसत नाही, एडी-ई१ अडॅप्टर लागतो. लग्नाच्या सकाळी हे कळून उपयोग नाही.

‘उन्हाधुळीत टिकत नाही’

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात कमाल ४० अंश लिहिलेले असतात, बऱ्याच मोबाइलच्या ३५. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, दोघंही हद्दीबाहेर. मोबाइल आधी स्क्रीन मंद करतो, मग कॅमेरा ॲपच बंद. आर५० लांब ४के रेकॉर्डिंगला तापतो, म्हणून अख्खा विधी फुल एचडीत घ्या आणि ४के निवडक क्षणांना ठेवा. स्क्रीन उघडून बॉडीपासून दूर करा, स्टँडवर छत्री बांधा. एका क्लिपची मर्यादा १ तास आहे. नाटकात प्रवेश बदलताना रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करा.

धुळीत मात्र मोबाइल सरस, यात वाद नाही. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) मैदानात लेन्स बदलूच नका. बदलायचीच तर गाडीत, काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली. डाग तपासायला एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढा. धूळ हातपंपाच्या ब्लोअरनेच उडवा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी चिकटते. पंक्चरच्या दुकानातली हवा तर नकोच, तिच्यात तेल आणि पाणी असतं.

खरेदीचं म्हणाल, तर किट लेन्सवरच थांबणार असाल तर मोबाइलच ठेवा, मेसेज तुमच्यापुरता बरोबर आहे. बजेट ७० हजारच असेल तर सेकंडहँड बॉडी घ्या आणि उरलेले पैसे एफ/१.८ लेन्स, जादा बॅटरी व दोन व्ही३० (व्हिडिओला पुरेशा वेगाच्या) मेमरी कार्डांत घाला. सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून पाडून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी परत द्या.