फोर सीझन्सच्या भिंती वाचल्या, पिकासो गेला

न्यूयॉर्कच्या फोर सीझन्स रेस्टॉरंटचा विषय निघाला की सगळे चित्रकार मार्क रॉथकोपाशी येऊन थांबतात (हॉटेलांची चेन वेगळी, तिचा इथे संबंध नाही). रॉथकोबद्दल लिहिणारच आहे, पण मला जास्त लागलंय ते तिथे लावलेल्या, पिकासोने रंगवलेल्या नाटकाच्या पडद्याचं.

१९५९ साली पार्क अव्हेन्यूवरच्या सीग्राम बिल्डिंगमध्ये हे रेस्टॉरंट सुरू झालं. बिल्डिंग वास्तुविशारद मीस व्हान डर रोहची, आतली सजावट फिलिप जॉन्सनची. खर्च झाला ४५ लाख डॉलरच्या आसपास, त्या काळात! पूल रूममध्ये मधोमध पांढऱ्या संगमरवराचा चौकोनी हौद, ग्रिल रूममध्ये बारवर रिचर्ड लिपोल्डने टांगलेल्या पितळी कांड्या, खिडक्यांना धातूच्या बारीक साखळ्यांचे पडदे, जे खालून येणाऱ्या हवेने सतत लहरत राहायचे. ऋतू बदलला की मेन्यू बदलायचा, झाडंसुद्धा बदलायची. १९६२ मध्ये केनेडींच्या वाढदिवसाचं जेवण इथे झालं आणि पुढे 'पॉवर लंच' (बड्या लोकांचं कामाच्या गाठीभेटींचं जेवण) हा शब्द रूढ झाला तोही इथल्या ग्रिल रूमवरूनच.

आता रॉथको. १९५८ मध्ये त्याला इथल्या छोट्या डायनिंग रूमसाठी चित्रांचं काम मिळालं, ३५ हजार डॉलरचं. त्याने न्यूयॉर्कच्याच बावरी रस्त्यावरच्या एका जुन्या जिममध्ये स्टुडिओ थाटला आणि गडद लाल, मरून, काळ्या रंगातली तीसेक चित्रं केली. इथे जेवणाऱ्या श्रीमंतांची भूक मारायची असा त्याचा इरादा होता, हे नंतर छापून आलं. मग एकदा तो बायकोबरोबर तिथे जेवायला गेला, आणि त्यानंतर चित्रं द्यायची नाहीत असं ठरवून पैसे परत केले. त्यातली नऊ चित्रं त्याने लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाला दिली. ती लंडनला पोचली २५ फेब्रुवारी १९७० ला, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये रॉथको मृतावस्थेत सापडला. हे वाचताना आजही पोटात तुटतं.

पण चित्रं त्याची, निर्णय त्याचा, आणि तो मला शंभर टक्के पटतो.

पिकासोच्या पडद्याचं तसं नाही. १९१९ मध्ये रशियन बॅले निर्माता डियागिलेवच्या 'ल त्रिकोर्न' या बॅलेसाठी पिकासोने तो रंगवला, साधारण १९ बाय २० फुटांचा. फिलिस लँबर्टने, म्हणजे सीग्राम या मद्य कंपनीच्या मालकाच्या मुलीने, ज्या बाईने वडिलांना पत्र लिहून मीसला आणायला लावलं तिनेच, तो विकत घेतला आणि दोन खोल्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये लावला. लोक त्या जागेला 'पिकासो अ‍ॅली' म्हणायला लागले आणि पडदा तिथे पंचावन्न वर्षं टिकला. १९८९ मध्ये शहराने रेस्टॉरंटच्या अंतर्भागाला वारसा दर्जा दिला, भिंती, लाकूडकाम, हौद सगळं सुरक्षित झालं, पडदा मात्र त्यात नव्हता. का, तर पडद्याची मालकी वेगळी होती. पुढे २००५ मध्ये तो एका वारसा संस्थेकडे आला, तरी भिंत इमारत मालकाचीच राहिली. त्याने सांगितलं की मागची भिंत दुरुस्त करायचीय, पडदा काढा. कोर्टकचेरी झाली, समझोता झाला आणि २०१४ मध्ये तो एवढा मोठा आणि ठिसूळ झालेला पडदा गुंडाळून न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत नेला.

मला सांगा, माणूस त्या पॅसेजमधून जाताना काय बघत होता, दगडाची भिंत की पिकासो? कागदोपत्री कोणाच्या नावावर काय आहे यावर वारसा ठरवायचा ही पद्धतच मला चुकीची वाटते, जी वस्तू पाच दशकं त्या जागेची ओळख होती ती त्या जागेचाच भाग धरायला हवी होती.

त्यानंतर सगळं भराभर संपत गेलं. जुलै २०१६ मध्ये रेस्टॉरंट बंद पडलं, लगेच लिलावात खुर्च्या, टेबलं, भांडी, अ‍ॅशट्रेसुद्धा विकले गेले. २०१८ मध्ये दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा उघडलं आणि वर्षभरात तेही बंद. जुन्या जागेत आता वेगळी रेस्टॉरंट आली, कायद्यामुळे भिंती तशाच आहेत.

कोणी म्हणेल पडदा सोसायटीत सुरक्षित आहे, जास्त लोकांना बघता येतो. बरोबर आहे, आणि त्याचा मला आनंदही आहे. तरी मला तो पार्क अव्हेन्यूवरच हवा होता, आणि १९८९ मध्ये सगळ्या संबंधितांना एकत्र बसवून ते करता आलं असतं असं मला ठामपणे वाटतं.