लिंबाच्या रोपाची पानं गळाली, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला, सोबतचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. मृगाचा पाऊस झाल्यावर तुम्ही आमच्याकडून कागदी लिंबाचं रोप 180 रुपयांना नेलंत. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळाली, वर अळ्या निघाल्या. बदलून मागितलं तर आम्ही दिलं नाही. असंच रोप गाडीवर 80 रुपयांत मिळतं. आणि गुलाब मागितला तर "दिवाळीच्या सुमाराला या" म्हणून तुम्हाला परत पाठवलं. या सगळ्याबद्दल तुम्ही एक तारा दिलाय. हौसेनं आणलेलं रोप रोज थोडं थोडं झडताना बघणं किती जिवाला लागतं, हे मला कळतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी महत्त्वाचं. फोटोवरून तरी तुमचं लिंबू गेलेलं वाटत नाही. कुंडी टाकून देऊ नका. खोडाची साल नखानं अगदी हलकी खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे. शेंड्याकडून खाली दोन-तीन ठिकाणी बघा, कारण शेंडा वाळून खालचं खोड जिवंत असतं असं पुष्कळदा होतं.

आता पानं का गळाली ते. तुम्हीच लिहिलंय की सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलं, आणि शिरोळहून, माहेरच्या शेतातली काळी माती मुद्दाम आणून भरली. दुसऱ्या फोटोत कुंडीखाली बशी आहे आणि ती काठोकाठ भरलेली आहे. ताई, तुम्ही काळजी कमी घेतली असं कोणी म्हणणार नाही. पण लिंबाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणूनच त्या शेतात ऊस जोमात येतो. शेतात जास्तीचं पाणी खाली झिरपायला जागा असते. कुंडीत ते तळाशी अडतं आणि खाली बशी भरलेली असली की निघायला वाटच उरत नाही. मग मुळं गुदमरतात, कुजायला लागतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, त्यामुळे माती ओली असूनही पानं मलूल दिसतात. आपल्याला वाटतं झाडाला तहान लागली, आपण आणखी पाणी घालतो, आणि उरलेली मुळंही जातात. जून-जुलैत आमच्याकडे परत येणाऱ्या बहुतेक रोपांची हीच कथा असते. उन्हाळ्यात वाळून आलेली रोपं त्यामानानं कमी असतात.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की सगळं कोल्हापूर मोबाइलवर फूट आणि इंच बघत असतं. ते दिवस म्हणजे कुंडीला पाणी न घालण्याचे दिवस. आठवडा आठवडा ऊन नसतं, हवा दमट असते, गॅलरीत आडोशाला ठेवलेली कुंडीसुद्धा लवकर सुकत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर पाणी नाही, मग चार दिवस झाले असोत की आठ.

अळ्यांचं वेगळं आहे. त्या आमच्याकडून आलेल्या नाहीत, हे मी खात्रीनं सांगते. लिंबावर येणारं फुलपाखरू कोवळ्या फुटव्यावर अंडी घालतं आणि चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते. तुमच्या फोटोतल्या अळ्या अजून लहान आहेत, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळ्या-पांढऱ्या. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. तीन आठवड्यांनी दिसलेली एवढी लहान अळी तुमच्या गॅलरीतच जन्मलेली असणार. घरच्या एका झाडासाठी औषध फवारू नका, हातानं वेचा. शेजारी कढीपत्ता असेल तर त्याच्याही पानांमागे बघा.

दराबद्दल. गाडीवाल्यांविषयी माझी काही तक्रार नाही. ते झाड दारात आणतात आणि कित्येक घरांत पहिली कुंडी त्यांच्यामुळेच येते. पण तुम्ही नेलेलं रोप साई सरबतीचं आहे. ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची जात. कलम नव्हे, बियांपासूनचंच रोप आहे, आणि पिशवीवर तसं लिहिलेलं असतं. कागदी लिंबाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बहुतेक आईच्याच गुणाचे असतात, म्हणून कोणत्या झाडाची बी घेतली याला महत्त्व असतं. आम्ही ते झाड ओळखतो. त्या कोंबांतला कमजोर कोंब काढून टाकतो, रोप उन्हाला आणि वाऱ्याला सरावेपर्यंत सांभाळतो आणि मगच विक्रीला ठेवतो. वरचे 100 रुपये त्याचे आहेत.

आणि गुलाब. काउंटरवरच्या मुलीनं तुम्हाला नाही म्हटलं ते माझ्या सांगण्यावरून, आणि ते तिनं योग्यच केलं. "विकायचा नाही तर ठेवता कशाला" असं तुम्ही विचारलंय. ते गुलाब प्लास्टिकच्या छताखाली आहेत, पानांवर पाऊस पडत नाही, रोज कोणी ना कोणी ती पानं बघतं. तेच झाड जुलैत तुमच्या उघड्या गच्चीवर गेलं तर ऊन नाही आणि पानं कायम ओली. मग काळे ठिपके पडतात, पानं झडतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. पाऊस उतरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी न्या. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फूल दिसेल आणि पुढं सगळी थंडी झाडाच्या वाट्याला येईल. तुम्हाला आता काही लावायचंच असेल तर मोगरा, जास्वंद, सोनचाफा न्या. हा पाऊस त्यांना मानवतो. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर त्या दिवशी गल्ला कमी भरतो, पण तोटा होणारं झाड मी कोणाच्या पिशवीत घालणार नाही. वडिलांनी नर्सरी सुरू केली तेव्हापासून हे असंच आहे.

राहिलं बदलून देण्याचं. दुसरं रोप देणं मला अवघड नाही. पण त्याच मातीत आणि त्याच बशीवर तेही असंच जाईल, आणि तुमची खात्री होईल की आपल्या हाताला झाडच येत नाही. तसं व्हायला नको. म्हणून आज एवढं करा: बशी काढून टाका, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, तळाचं भोक काडीनं मोकळं करा, पावसाचा थेट मारा लागणार नाही पण उजेड मिळेल अशा जागी न्या. खत अजिबात घालू नका, दुखऱ्या मुळांना ते सोसत नाही. मग कुंडीसकट आमच्याकडे घेऊन या. कुजलेली मुळं कापून, दोन वाटे तांबडी माती, एक वाटा जुनं कुजलेलं शेणखत आणि एक वाटा भाताचं तूस अशा मिश्रणात मी स्वतः रोप बसवून देईन, त्याचे पैसे नाहीत. इतकं करूनही सप्टेंबरपर्यंत फूट आली नाही, तर नवीन रोप माझ्याकडून.

माहेरची काळी माती फेकू नका. अंगणात जमिनीत जागा असेल तर तिथं पसरा, नाहीतर थोडी थोडी तांबडीत मिसळून वापरता येईल. येताना मूठभर आणा, किती मिसळायची ते बघून सांगते.

रंकाळ्याकडून फुलेवाडीच्या रस्त्यानं आलात की सोपं पडेल. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी असते, सोमवारी नर्सरी बंद.