‘बेस्ट लूजर’ रद्द करा, पण आधी प्रमाणशीर जागा द्या

मॉरिशसमधली ‘बेस्ट लूजर’ पद्धत, म्हणजे सभागृहात जमातींचा समतोल राखण्यासाठी हरलेल्या काही उमेदवारांना जादा जागा देण्याची तरतूद, जमातवादी आहे, ती एका फटक्यात रद्द करावी, हे लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. उमेदवाराने आपली जमात जाहीर करायची आणि त्या जागांचं वाटप १९७२ च्या जनगणनेच्या आधारे करायचं, हे आजच्या काळात लाजिरवाणंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही २०१२ मध्ये यावर बोट ठेवलं होतं. पण २०२४ चा निकाल लेखकाने विचारातच घेतलेला नाही. विजयी आघाडीला साठ टक्क्यांच्या आसपास मतं, आणि मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा! १९८२ आणि १९९५ मध्येही हेच झालं होतं. यावेळी हरलेल्या आघाडीला सभागृहात पाय ठेवता आला तो याच बदनाम तरतुदीमुळे.

मी काही वर्षं मॉरिशसमधल्या क्वात्र बोर्न शहरात नोकरी केली. तिथल्या मराठी कुटुंबांत या विषयावर खूप वाद ऐकले. राज्यघटनेतल्या जमातींच्या चार गटांत त्यांची गणना हिंदूंमध्येच होते. तरुणांना जमातीचा रकाना नकोच होता. मोठ्यांची भीती मात्र वेगळी होती: हे गेलं आणि बदल्यात काहीच आलं नाही तर? ती भीती मला रास्त वाटते. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, शिफारस निवडणूक सुधारणांवरच्या सॅक्स आयोगाने २००२ मध्येच केली होती. निवडणूक सुधारणांचं २०१८ चं विधेयक तीन चतुर्थांश बहुमत नसल्याने अडलं. २०२४ मध्ये निवडून आलेल्या सरकारला तेवढं बहुमत मिळालं. त्यांनी दोन्ही बदल एकाच विधेयकात आणावेत.