पुसलेल्या पायऱ्या

‘हुशार आहे, पण आळशी आहे’ हा शेरा मी शिक्षक म्हणून अनेकदा ऐकला आहे आणि, आज खेदाने सांगतो, स्वतःही दिला आहे. एका विद्यार्थिनीची बीजगणिताची वही तपासताना मात्र तो शेरा लिहिता लिहिता माझा हात थांबला. उत्तराचे पान कोरे होते, पण बोटांना खडबडीत लागत होते. उजेडात धरल्यावर खोडरबराने पुसलेल्या पायऱ्या दिसल्या आणि त्यांपैकी पहिल्या तीन अगदी बरोबर होत्या. विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, “चुकलेलं दिसण्यापेक्षा कोरं बरं.”

यात आळस कुठे आहे? अभ्यास न करता नापास झाले तर ‘अभ्यास केला नव्हता’ असे म्हणता येते. जीव तोडून केल्यावर नापास झाले तर बोट थेट स्वतःच्या कुवतीकडे जाते. बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, आपले यश पुन्हा साधेल याची खात्री नसलेली माणसे अपयशाला सबब मिळावी म्हणून स्वतःच्या वाटेत स्वतःच अडथळा उभा करतात. आदल्या रात्रीपर्यंत पुस्तक न उघडणारे मूल बहुधा हेच करत असते, आणि आपण त्याला आणखी धाक घालतो.

धाकाने काळजी वाढते, आणि ‘नाही जमले तर?’ हा विचार गणित सोडवायला लागणारी मनातली जागाच अडवून बसतो.

पालकांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. हायमोविट्झ आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या २०१६ च्या संशोधनानुसार, बुद्धी वाढू शकते असे पालक मानतात की नाही, हे मुलांना फारसे उमगत नाही. अपयशाला ते घातक मानतात की शिकण्याची संधी, हे मात्र बऱ्यापैकी कळते. कमी गुण पाहून चेहरा उतरला की मुलाला सगळे समजते. ‘असू दे, सगळ्यांनाच गणित जमत नाही’ हे प्रेमाने केलेले सांत्वनसुद्धा त्याला ‘तुला जमणार नाही’ असेच ऐकू येते. त्याऐवजी कुठे अडले ते शेजारी बसून विचारावे.

त्या विद्यार्थिनीला मी तीन पायऱ्यांचे गुण दिले आणि चुकले तर पुसू नकोस, नुसती एक रेघ मार, असे सांगितले. पुढच्या आठवड्यात तिची चौथी पायरी मला प्रथमच वाचता आली. कंस सोडवताना बाहेरचे ऋण चिन्ह ती फक्त पहिल्या पदाला लावत होती.